खाटेवर गेलेला माणूस

मल्लूअण्णांच्या गावाच्या वेशीवर लागलेला फ्लेक्स आधी वाचा, म्हणजे मी हे का लिहितेय ते कळेल. ‘शेवटच्या श्वासापर्यंत पाय रोवून उभा राहिलेला वाघ’ असं त्यावर ठळक अक्षरांत आहे. खाली अण्णांचा तरणेपणीचा फोटो. उघडं अंग, कपाळभर गुलाल आणि छातीशी कवटाळलेला मारुतीच्या देवळासमोरचा धोंडा. कडेनं मंडळाच्या पोरांचे गॉगल घातलेले चेहरे.

हे खोटं आहे. मल्लूअण्णा उभे नव्हते. ते दवाखान्यात, खाटेवर, अंगावर चादर घेऊन गेले. जायचं त्यांना नव्हतंच, पण जायचंच झालं तर खाटेवर जाईन, यासाठी हा माणूस अख्ख्या गावाशी भांडला होता. आणि गावानं दिवसकार्य व्हायच्या आत त्यांना फ्लेक्सवर परत उभं केलं. धोंडा हातात देऊन!

मी कामगार संघटनेची पत्रकं लिहिते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांच्या गेटवर ती वाटतेही मीच. पत्रक वाटणाऱ्याला माणसांची एक गोष्ट चटकन कळते, कागद कोण कसा घेतो ती. काही जण घडी करून खिशात घालतात, बरेच जण पुढच्या वळणावर टाकतात, काही त्यात भजी गुंडाळतात. मल्लूअण्णा कागद घेऊन तिथंच, मोटरसायकलींच्या गर्दीत उभे राहायचे आणि खालून वर वाचायचे. आधी शेवटची ओळ, मग तिच्या वरची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, वाचता येत नसावं, नुसतं दाखवतायत.

“अण्णा, सुरुवात वर आहे,” मी म्हटलं.

“ठाऊक हाय गं. मागणी खाली असती. तुमचं रडगाणं वर. आधी काय मागतासा ते बघतो, मग रडायचं का न्हाय ते ठरवतो.”

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पत्रकबाई झाले. नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

माणूस दाराएवढा. निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या एका गावचा. आठवडाभर बेळगावात खोलीवर, सुट्टीला गावी. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या टोळीत ते होते. दोघांनी धरायची लॅडल, म्हणजे ते लोखंड ओतायची दांड्याची बादली, असली की दुसऱ्याला नुसतं हात लावल्यासारखं वाटायचं, इतका भार अण्णा स्वतःकडं घ्यायचे. उचलणं हीच त्यांची बोलायची पद्धत होती. कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी विचारणार, “काय सरकवायचं हाय काय?” आणि कपाट, पिंप, जे दिसेल ते सरकवून मगच बसणार. रस्त्यात कुणाची मोटरसायकल चिखलात रुतली तर मालकाला न विचारता मागून उचलून बाजूला ठेवायचे आणि मागं न बघता चालू लागायचे. आभार मानायला माणूस धावत यायचा तोवर हे वळणावर.

हे त्यांच्या घराण्यातच होतं. गावच्या जत्रेत देवळासमोरचा तो धोंडा आधी कुणी उचलायचा याचा मान असतो. तो मान अण्णांच्या घरचा. धोंडा छातीवर घ्यायचा, तिथून खांद्यावर, खांद्यावरून मागं टाकायचा. मग फेटा, नारळ, हलगी. आजोबांनी उचलला, वडिलांनी उचलला, अण्णांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं उचलला. एखाद्या जत्रेला घरात सुतक आलं किंवा उचलणारा आजारी पडला तर माफ असतं. पण धडधाकट माणूस घरात असताना उचललं नाही, तर मान दुसऱ्या घरी जातो आणि परत येत नाही.

आता ते तपासणीचं सांगते. संघटनेनं फाउंड्री कामगारांसाठी छातीची तपासणी ठेवली होती. धुळीनं फुप्फुसं खराब होतात म्हणून. डॉक्टर होती धारवाडकडची एक तरुण मुलगी, मराठी जरा अडखळत बोलणारी. अण्णांची फुप्फुसं तिनं पटकन ऐकली, मग नळी छातीच्या मध्यावर ठेवली आणि ती तिथंच राहिली. डोळे मिटून ऐकत बसली. रांगेतली माणसं थट्टा करायला लागली, “डॉक्टर, झोपलासा काय?” तिनं अण्णांना हृदयाची सोनोग्राफी करायला पाठवलं. रिपोर्ट घेऊन आम्ही परत तिच्याकडं गेलो, तेव्हा तिनं कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दाराशी एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. अण्णांच्या झडपेला जन्मापासून दोनच. आणि तिच्या वर जी मुख्य रक्तवाहिनी निघते, महाधमनी, ती फुगली होती.

“टायरला चीर पडली की आतली ट्यूब बाहेर फुगून येती, तसं?” अण्णांनी विचारलं.

“तसंच. त्यावर जोर पडला तर फाटेल. जड उचलायचं नाही. श्वास कोंडून जोर लावायचं नाही. रक्तदाबाची गोळी रोज. दर वर्षी माप घ्यायचं. एका मापापुढं गेलं की ऑपरेशन.” मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, “घरात कोण अचानक वारला आहे काय?”

अण्णा खुर्चीत ताठ झाले. मला ते तोंड अजून दिसतं. त्या तोंडावर अभिमान होता!

“आमच्यात सगळीच अचानक जात्यात. आमच्या घरात खाटंवर कुणी मेलेलं न्हाय. आज्जा उभ्याउभ्या गेला. बा धोंडा टाकून, फेटा बांधून घरी आला, पाठीत कळ आली म्हणाला आणि उंबऱ्यात गेला. धाकटा भाऊ उसाची ट्रॉली ढकलताना. वाघावानी गेली सगळी.”

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. तिनं पुन्हा त्या चित्रातल्या दोन पाकळ्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हे रक्तातून येतं. भाऊ, मुलं, भावाची मुलं, सगळ्यांची तपासणी करायला पाहिजे.

अण्णा चित्राकडं बघत राहिले. बाहेर आल्यावर चहाच्या गाड्याशी थांबलो. चहा गार झाला तरी पेला हातातच. मग म्हणाले, “म्हंजे ती वाघावानी न्हवती मेली व्हय गं? आजारी हुती?”

मी त्यांच्या हातातला पेला काढून गाड्यावर ठेवला.

“बा पाठीत कळ आली म्हणाला,” ते परत म्हणाले. “आन् आम्ही हलगी वाजवत हुतो.”

त्यानंतर अण्णा हात पाठीमागं बांधून चालायला लागले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. मी विचारलं तर म्हणाले, “सोडलं की आपसूक उचलत्यात. परवा बसमधी एका म्हातारीचं बोचकं उचललं बघ. वर ठेवल्यावर ध्यानात आलं.” उभ्या जन्मात ज्या माणसाला कुणी रिकाम्या हातानं बघितलं नव्हतं, तो आता लग्नाला, बाजाराला, मयताला हात मागं बांधून जायला लागला. लोक काय म्हणणार? “मल्लूसाहेब आले! पाहणी करा, साहेब!” हे त्यांच्या तोंडावर. माघारी, “काम नको असलं की माणसाला आजार सुचतो.”

या आजाराचा मला राग येतो तो यासाठी. ना ताप, ना खोकला, ना प्लॅस्टर. बाहेरून माणूस दाराएवढा आणि आत एक दार धड लागत नाही. त्यांच्या खोलीखाली गॅसचं सिलिंडर आलं की गौरावैनी, म्हणजे अण्णांची बायको, ते कडेवर घेऊन जिना चढायच्या आणि अण्णा खाली उभे राहायचे. समोरच्या गॅलरीतून एक बाई रोज वापरायचं वाक्य असल्यासारखी म्हणायची, “गौरा, पैलवान शोभेला ठेवलाय व्हय गं?” वैनी वरूनच ओरडायच्या, “व्हय, शोभेलाच! जपून ठेवलाय. तुझा तुटला तर बघायला ये!” अण्णा हसायचे. पण मनगटावरची पकड सैल व्हायची नाही.

फाउंड्रीत ठेकेदारानं सांगितलं, लॅडल नसली तर काम नाही. हलकं काम मागून घ्यायला मी पत्रक लिहिलं आणि मसुदा अण्णांना दाखवला. त्यांनी नेहमीप्रमाणं खालून वाचलं. मागणीवर मान हलवली. वर येता येता एका शब्दावर बोट थांबलं.

“हे ‘बिचारा’ काढ.”

“अण्णा, लोकांना वाईट वाटायला पाहिजे.”

“लोकांस्नी वाईट वाटून काय हुतंय? बिचाऱ्याला भाकरी देत्यात, काम देत न्हाईत. काढ ते.”

काढलं. त्यांना साचे तपासायचं काम मिळालं, पगार कापून. मी चिडले, ते नाही चिडले. ते तेव्हा दुसऱ्याच गोष्टीनं पोखरले होते.

ती गोष्ट म्हणजे सागर. गेलेल्या धाकट्या भावाचा मुलगा. अण्णांना स्वतःचं मूल नाही, हाच त्यांचा मुलगा. नुकताच विशीत आलेला, बेळगावात एका वर्कशॉपमध्ये कामाला, काकासारखाच दाराएवढा. निदान झालं त्यानंतरच्या जत्रेला घरात सुतक होतं, ती निभावली. त्याच्या पुढच्या जत्रेला अण्णांनी कावीळ झाल्याचं सांगितलं आणि ते खरं वाटावं म्हणून गावात ताकाचा तांब्या घेऊन हिंडले. पण आता सागर तयार होता. सिमेंटची पोती उचलून तालीम करत होता, त्याचे व्हिडिओ मोबाइलवर टाकत होता. जत्रेत पहिला धोंडा तो उचलणार होता.

अण्णांनी त्याच्या आईला, शांताला, सगळं सांगितलं. ती ओट्याकडं तोंड करून ऐकत राहिली आणि म्हणाली, “भाऊजी, पोराचं लग्न बघाय लागलोय. घराण्यात काळजाचा आजार हाय हे बोलून दाखवू नगासा. कोण पोरगी दील?”

“लग्न व्हायला पोरगं जित्तं पायजे न्हवं?”

“त्याच्या बानं लग्न केलंच की,” शांता म्हणाली.

सागरनं तर ऐकूनच घेतलं नाही. “तुमास्नी भ्या वाटलं म्हणून मीबी भ्यायचं व्हय, काका? माझा बा भ्याला नव्हता.”

हे मला अण्णांनी गेटवर सांगितलं. सांगताना हात मागंच. “बरोबर हाय त्याचं. आमीच शिकवलंय. आज्जा कसा मेला, बा कसा मेला, झोपताना हेच सांगून वाढवलंय त्याला.”

जत्रेला मी गेले होते. अण्णांनी ये म्हटलं नव्हतं, येऊ नकोही म्हटलं नव्हतं. देवळासमोर गर्दी, हलग्या, आईस्क्रीमच्या गाड्या, पाळणा. मध्ये मोकळी जागा, तिथं तेल लावून काळा केलेला धोंडा. सागर उघड्या अंगानं, कपाळाला गुलाल लावून आला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात गर्दीतून अण्णा पुढं आले. पांढरा शर्ट, हात मागं बांधलेले. सगळ्यांना वाटलं, पुतण्याच्या पाठीवर थाप मारायला आले. ते सरळ धोंड्यापाशी गेले आणि धोंड्यावर बसले.

आधी लोक हसले. मग कुणीतरी ओरडलं, “मल्ल्या, ऊठ रं! देवाचा धोंडा हाय त्यो!”

“देवाला म्हाईत हाय मी का बसलोय ते.”

“काका, उठा,” सागर म्हणाला. चेहरा लाल.

“उचल की. माझ्यासकट उचल. तुझा बा असता तर उचलला असता. त्योबी मेला असता न् मीबी.”

हलगीवाले थांबले. पंचातला एक म्हातारा पुढं झाला. “मल्लाप्पा, तमाशा करू नगं. तुझ्या बापाचा मान हाय ह्यो.”

“माझा बा मेला तवा तुमी हितंच हुतासा, दादा. पाठीत कळ येतीया म्हणाला. कुणी दवाखान्यात न्हेलं काय? न्हाय. मीबी न्हेलं न्हाय. आमी फेट्याला माती लागू ने म्हणून फेटा काढून ठेवला.” आवाज चढला नव्हता. चढवू नये असं डॉक्टरनं सांगितलं होतं, ते त्यांनी तिथंही पाळलं. “माझ्या काळजात खोट हाय. बाच्यात हुती, भावाच्यात हुती. पोराच्यात हाय का न्हाय ते बघितल्याबिगर त्यो काय उचलणार न्हाय. मान जाऊ दे. दुसऱ्या घरी द्या.”

मी पुष्कळ भाषणं ऐकलीत, काही लिहूनही दिलीत. मागणी इतकी खाली, इतकी जमिनीला टेकून केलेली ऐकली नव्हती.

शिव्या पडल्या. कुणी भित्रा म्हटलं, कुणी त्याहून वाईट म्हटलं, एकानं नारळाची करवंटी फेकली. अण्णा उठले नाहीत. सागरनं तयार ठेवलेला फेटा त्यांच्या पायावर टाकला आणि गर्दीतून निघून गेला. तो नजरेआड झाल्यावरच अण्णा उठले. मग दुसऱ्या घरच्या माणसानं धोंडा उचलला. हलगी वाजली. अण्णांच्या घरचा मान त्या दिवशी गेला.

सागर कितीतरी महिने बोलला नाही. अण्णा बेळगावात त्याच्या वर्कशॉपसमोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचे, तो दिसला की पेला ठेवून निघायचे. अखेर त्याला घेऊन आली ती शांता. जत्रेत दिरानं चारचौघांत सांगितल्यावर लपवायचं काही उरलंच नव्हतं. शिवाय ‘पाठीत कळ’ हे शब्द तिच्या मनातून जाईनात. नवऱ्यालाही ट्रॉलीपाशी तीच कळ आली होती, आणि ती तेव्हा पाठ चोळत बसली होती.

सागरच्या झडपेलाही दोनच पाकळ्या निघाल्या. महाधमनी अजून फुगलेली नव्हती. डॉक्टर म्हणाली, वेळेत आला, जपलं तर म्हातारा होईल. सागर बाहेर येऊन भिंतीशी उभा राहिला. अण्णा त्याच्या शेजारी. सागरनं हात मागं घेऊन बांधले. अण्णांनी ते बघितलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्या वर्षीचं माप असं आलं की अण्णांचं ऑपरेशन लांबवता येईना. आणि इथं मी माझी पत्रकातली भाषा वापरणार आहे, कुणाला आवडो न आवडो. जवळचा दवाखाना सीमेच्या पलीकडं, महाराष्ट्रात; फुकट उपचाराचं सरकारी कार्ड अलीकडचं, कर्नाटकातलं. पलीकडचे म्हणाले तुमच्या राज्यात जा, अलीकडचे म्हणाले लांबच्या शहरात जा, लांबचे म्हणाले तारीख नाही. नकाशावरची रेघ कुठं असावी यावर भांडायला आमच्याकडं पिढ्या उभ्या राहतात. त्या रेघेवर एक माणूस फुगलेली धमनी घेऊन महिनोन्‌महिने उभा होता, त्याच्यासाठी कुणी बंद पुकारला नाही. मी पत्रक काढलं. लोकांनी त्यात भजी बांधली.

तारीख मिळाली ती लांबच्याच शहरात. निपाणीच्या स्टँडवर मी पोचवायला गेले होते. अण्णा आणि सागर, दोघं दाराएवढे, हात मागं बांधून फलाटावर उभे. त्यांच्यासमोर कपड्यांच्या, भांड्यांच्या, पांघरुणांच्या पिशव्या. गौरावैनी एक उचलत होत्या, शांता एक, आणि उरलेल्या ओढत मी. कंडक्टर बघतच राहिला. “अहो पैलवान! लाज हाय काय? बायका मरत्यात ओझ्यानं!”

अण्णा म्हणाले, “लाज लई हुती, सायेब. तिनंच तीन माणसं खाल्ली. आता सोडली.”

सागर खदखदून हसला. काका-पुतण्या एकत्र हसताना मी तेवढंच बघितलं.

ऑपरेशन झालं. झडप बदलली, धमनीचा तुकडा बदलला. मी भेटायला गेले तेव्हा अण्णा अतिदक्षता विभागातून बाहेर आले होते. अंग निम्मं झालं होतं. छातीवर वरपासून खालपर्यंत पट्टी. नवी झडप धातूची, तिचा आवाज येतो म्हणे. सागर खाटेवर वाकून कान लावून ऐकत होता. “घड्याळ बसवलंय काकाच्यात,” तो मला म्हणाला.

पुढं फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, ताप उतरलाच नाही. अण्णा त्याच खाटेवर गेले. सागर उशाशी होता, वैनी पायाशी. आधी झालं असतं तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला सांगता येतं, पण ते दुसऱ्या पत्रकात.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या भेटीच्या दुपारी. खिडकीतून ऊन पायावर आलं होतं. दोन्ही हात चादरीवर होते, मोकळे, तळवे वर. निदान झाल्यापासून ते हात मी पहिल्यांदा असे सैल बघत होते. तळव्यांवर लोखंडाचे जुने चटके, धोंड्यानं आलेले घट्टे. दोन्ही हात काही न उचलता नुसते पडलेले.

माझ्याकडं एक पत्रक होतं, पुढच्या जत्रेत वाटायला लिहिलेलं. धोंडा उचलणाऱ्या घरांतल्या पोरांची आधी तपासणी करा, अशी मागणी. मी ते त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी खालची ओळ वाचली, वर गेले नाहीत.

“ह्येच वर घे,” म्हणाले. दम लागत होता, म्हणून थांबले. “आन् ह्यात माझं नाव घाल. मेलो तर लोक कायबी लिवतील. तू बरोबर लिव्ह.”

“काय लिहू?”

त्यांनी एका तळव्यानं गादी थोपटली. आपल्या मालकीची वस्तू दाखवावी तशी.

“खाटंवर हाय न्हवं मी? आमच्या घरात पयला. तसं लिव्ह.”